टाकी कुठं उपसायची?

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येणारा आणि पुढे अर्धापूर, हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-वर्ध्याकडे निघून जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला, तशी मराठवाड्याच्या या पट्ट्यात लांबच्या गाड्यांची वर्दळ वाढली. उसाचे ट्रॅक्टर आहेत, कंटेनर आहेत. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला निघालेल्या पंजाब-हरियाणाच्या बस आहेत आणि फळ्या टाकून दुमजली केलेले, गाद्या अंथरलेले ट्रकही आहेत. त्यांच्यात अलीकडे अधूनमधून एक नवा प्राणी दिसतो. उंच पांढरी गाडी, टपावर सोलरची पाटी, बाजूला गुंडाळलेलं कापडी छत. ती ढाब्यावर थांबली की पाच मिनिटांत पोरं गोळा होतात. मालक हौशी असला तर दार उघडून आत डोकावू देतो. पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन आणि एका कोपऱ्यात चक्क संडास. तो पाहिल्यावर पोरांचा हमखास एक प्रश्न येतो. पर्यटनाच्या कुठल्याही गुळगुळीत माहितीपत्रकात त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

"मंग ते जातंय कुठं?"

जातं ते गाडीच्याच पोटात. कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोममध्ये साधारण तीन प्रकारचं पाणी असतं. एक चांगलं, पिण्या-वापरण्याचं. दुसरं भांड्यांचं आणि आंघोळीचं सांडपाणी. तिसरं मैलापाणी. मोठ्या परदेशी गाड्यांना तिन्हींसाठी वेगळ्या टाक्या असतात आणि खाली झडप. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या किंवा छोट्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांत बहुधा कॅसेटचा संडास बसवतात. कॅसेट म्हणजे संडासाच्या भांड्याखाली सरकवलेली, प्रवासी बॅगेएवढी प्लास्टिकची बंद टाकी. सतरा ते वीस लिटर मावतं. दोन माणसं काटकसरीनं वापरत असतील तर दोन-तीन दिवस पुरते. मग गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेलं छोटं दार उघडायचं, टाकी ओढून काढायची आणि न्यायची.

न्यायची कुठे, इथेच घोडं पेंड खातं.

आमचे एक स्नेही पुण्याचे, निवृत्त अभियंते. त्यांनी आणि वहिनींनी मिळून अशी गाडी बांधून घेतली आहे. ते नांदेडच्या वाटेवर लातुरात आमच्याकडे उतरले होते. त्यांच्या कॅसेटचा निकाल लावताना मी सोबत होतो, म्हणून हे जवळून पाहता आलं. भरलेली टाकी वीस किलोच्या वर जाते आणि आतलं पाणी चालताना डुचमळतं. तिला एका कोपऱ्यात फिरवता येणारी नळी असते. नळीचं झाकण काढून ती खाली वळवायची आणि अंगठ्यानं हवेचं बटण दाबून धरायचं. बटण विसरलात तर टाकी ढसाढसा उचक्या देते आणि पायजम्याची खैर नसते. ओतून झालं की दोन-तीन लिटर पाणी घालून हलवायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा एकदा तेच. शेवटी निळं औषध घालून टाकी जागेवर सरकवायची. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. त्यासाठी लागतं काय, तर मैलाटाकीला जोडलेलं एक भोक, शेजारी एक नळ आणि भोवती उताराचा ओटा.

युरोप-अमेरिकेत हे भोक नकाशावर असतं. फ्रान्समध्ये गावोगावी मोटरहोमचे थांबे आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी खांबासारखं यंत्र उभं असतं, एका अंगाला स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या अंगाला मैला ओतायची जाळी. ऑस्ट्रेलियात याला 'डम्प पॉइंट' म्हणतात आणि छोट्या गावांच्या पालिकाही तो आवर्जून बांधतात, कारण टाकी रिकामी करायला थांबलेला माणूस दूध, पाव आणि डिझेल तिथेच घेतो. न्यूझीलंडनं २०११ च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्याला २०२३ मध्ये आणखी धार लावली. गाडीत पक्का बसवलेला संडास नसेल तर पालिकेच्या जागेत रात्र काढण्यावर बंधनं आली. आपली मुलं-सुना तिकडं गाडी भाड्यानं घेऊन फिरतात आणि डोंगर-तळ्यांचे फोटो पाठवतात. जावईबापू गुडघ्यावर बसून टाकी धुतायत असा फोटो मात्र कोणी पाठवत नाही.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं २००९ साली. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. गाडी उभी करायची, वीज-पाणी घ्यायचं, सांडपाणी सोडायचं, अशी ती जागा. केरळनं आणि महाराष्ट्रानं आपापली धोरणं काढली ती २०२१ मध्ये. हॉटेलं बंद आणि माणसं घरात कोंडलेली, त्या करोनाच्या काळात चाकांवरच्या खोलीची कल्पना सगळ्यांनाच पटली. धोरण वाचलं की लक्षात येतं, गाडीचा विचार खूप झालाय. नोंदणी, सवलती, आतल्या सोयी सगळं आहे. पार्क उभे राहिले की टाकीचा प्रश्न आपोआप सुटेल, हे त्यात गृहीत धरलंय. पण पार्क उभे राहणार ते महाबळेश्वराला, कोकणात, ताडोब्याच्या आसपास. लातूर ते नांदेड या रस्त्यावर मला एकही दिसला नाही, आणि लवकर दिसेल असंही वाटत नाही. कॅरॅव्हॅनवाला इथे मुक्कामाला येत नाही, तो इथून पुढे जातो. टाकी मात्र पुढे जाताना भरतेच.

मग लोक काय करतात? विचारलं की थोडं हसतात, थोडं इकडंतिकडं बघतात. पेट्रोल पंपाचा संडास हा पहिला आसरा. लॉजवर एका रात्रीची खोली घेऊन तिथल्या कमोडमध्ये ओतणं हा दुसरा. तिसरा मार्ग रात्रीच्या अंधारातला पूल, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पंपावरचा पर्याय वरवर निर्धोक वाटतो, पण मेख निळ्या औषधात आहे. जुन्या धाटणीच्या अनेक औषधांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते वास मारतं कारण जंतू मारतं. सेप्टिक टँक चालतो तो मात्र जंतूंच्याच जिवावर. शहरातल्या मोठ्या वाहिनीत वीस लिटर निळं पाणी कुठच्या कुठं विरून जातं. हमरस्त्यावरच्या पंपाची टाकी छोटी, तिच्यात रोज दोन-चार गाड्यांनी हे ओतलं तर आतलं कुजणं थांबतं आणि टाकी लवकर तुंबते. मग ती तुंबलेली टाकी उघडायला कोणाला तरी बोलावलं जातं. जैविक, फॉर्मल्डिहाइड नसलेली औषधं मिळतात. आमचे स्नेही तीच वापरतात. पण मराठवाड्याच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशात उन्हात उभ्या गाडीत, ती दुसऱ्या दिवशीच हात टेकतात, अशी वहिनींची तक्रार.

याच रस्त्यावर, लोह्याजवळ, माळेगाव आहे. खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार आणि भटक्या जमातींचा मेळा. वैदू, घिसाडी, मसणजोगी, गोंधळी अशा लोकांच्या राहुट्या पडत, जातपंचायती बसत. बंजाऱ्यांची लदेणी तर नांदेडच्या तांड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत अजून आहे. मीठ-धान्य लादलेले बैल आणि त्यांच्यामागं चालणारा अख्खा संसार. घर सोबत घेऊन हिंडणं या मुलखाला नवं नाही. त्या प्रवासाची घाणही शेतातच पडायची, आणि जनावरांच्या बाबतीत तर ती शेतकऱ्याला हवी असायची. धनगर मेंढरं घेऊन आला की त्याचा कळप रात्री शेतात बसवायचा आणि सकाळी त्याला ज्वारी द्यायची. ही पद्धत आजही चालते. लेंडीखताचा भाव दोघांनाही माहीत असतो.

माणसाच्या मैल्याचं तसं सोपं कधीच नव्हतं. पालिकांचे सोनखताचे डेपो होते, शेतकरी ते खत नेत, हे खरं. पण ते डोक्यावरून वाहून आणणारी माणसं ठरावीक जातींची, त्यांना पर्याय नव्हता. ही मैल्याची टोपली डोक्यावरून उतरावी म्हणून कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य घातलं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास आणि खत यांचे प्रयोग केले. देहूत डॉ. मापुसकरांनी संडास जोडलेला गोबरगॅस, 'मलप्रभा', गावात उतरवला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हातानं मैला साफ करायला माणूस लावणं गुन्हा ठरवणारा आजचा कायदा २०१३ चा आहे. पुलाखाली ओतलेली एक कॅसेट म्हणूनच मला नुसती अस्वच्छता वाटत नाही. ती कोणाच्या तरी पायाखाली, कोणाच्या तरी हाताखाली जाणार असते, आणि तो कोणाचा हात असेल हे आपल्याकडे जवळपास आधीच ठरलेलं असतं.

लांबच्या प्रवासात मैला सोबत वागवणारी देशातली सगळ्यात मोठी व्यवस्था कॅरॅव्हॅनवाल्यांच्या नजरेतून सुटते, कारण ती रुळांवर आहे. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटरहून जास्त धावते. वाटेत स्थानकास्थानकांवर डब्यात लंगर येतो, त्यावर किती तरी लिहून आलंय. खाल्लेल्याचं पुढे काय होतं, यावर कोणी लिहीत नाही. पूर्वी सरळ रुळावर पडायचं. रूळ गंजायचे आणि ट्रॅकमनला त्यातूनच चालावं लागायचं. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं घडवलेले जिवाणू डब्याखालच्या टाकीत सोडून तिथेच मैला पचवायचा, ही जैवशौचालयाची रीत २०११ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसपासून सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळ्या डब्यांत पोचली. मैल्याचं पाणी आणि वायू होतो, पाण्यात क्लोरीन मिसळतं, मग ते बाहेर पडतं. प्रवाशांनी आत पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या टाकल्या की सगळं ठप्प. मग डेपोत पाइप लावून टाकी उपसावी लागते. म्हणजे रेल्वेलासुद्धा शेवटी उपसण्याची जागा लागतेच. तिच्याकडे ती आहे, एवढाच फरक.

लातूरजवळ हरंगुळला आता रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे. पहिल्या डब्याचा सांगाडा तिथं २५ डिसेंबर २०२० ला तयार झाला. त्याच कारखान्यात वंदे भारतच्या शयनयान गाड्या बनवण्याचं कंत्राट दिलं गेलं, त्यानंतर डब्यात शौचालयं किती आणि पँट्री कुठे यावरून आराखडा रेंगाळल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या होत्या. आम्हा लातूरकरांना तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, भांडण योग्य मुद्द्यावर होतं.

स्नेह्यांची कॅसेट लातुरात रिकामी झाली ती टँकरवाल्याकडे. शहराच्या मोठ्या भागात अजून सेप्टिक टँक आहेत. ते उपसायला पिवळ्या-निळ्या टाक्यांच्या गाड्या फिरतात. मागच्या बाजूला दाबाचं घड्याळ आणि खांद्यावर गुंडाळून न्यायचा हाताएवढा जाड पाइप. चार-पाच हजार लिटरची एक खेप, पैसे खेपेवर. वीस लिटरचं काम आहे म्हटल्यावर गाडीवाला आधी गंमत समजला. मग कॅसेट हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिली. नळी त्याच्या पाइपात बसेना.

"ह्याला पाइप काय लावायचा साहेब? बादलीत ओता तुम्ही. मी बादलीतनं घेतो."

बादली आली. पंप सुरू झाला, पाइपाचं तोंड बादलीत गेलं आणि घोटभर ताक प्यावं तसा एक आवाज होऊन बादली कोरडी झाली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. चहा घेतला. आता हे सगळं नेणार कुठं, असं विचारलं.

"प्रकल्पावर. मोजून घेतेत तिथं."

"नेहमी?"

"पेरणीच्या आधी शेतकरी बलवायलेत ना. फुकट खत कुणाला नको?" एवढं बोलून तो गाडीत चढला.

ताजा गाळ शेतात टाकणं धोक्याचं. जंतांची अंडी त्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना उष्ण हवेत मैला किमान वर्षभर साठवून मग वापरायला सांगतात. दोन खड्ड्यांच्या संडासामागं हाच हिशेब आहे. एक भरला की बंद करून सोडून द्यायचा, तोवर दुसरा.

टँकरवाला म्हणतो तो प्रकल्प मात्र खराच असतो, आणि माझ्या मते कॅरॅव्हॅनच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच पडून आहे. सेप्टिक टँकच्या गाळाचं राष्ट्रीय धोरण आलं २०१७ मध्ये. साताऱ्याच्या वाईनं त्याचं नीट रूप दाखवलं. तुंबण्याची वाट न बघता दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या पाळीनं उपसायच्या आणि गाळ पालिकेच्या प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. मलनिस्सारण केंद्र नसलेल्या तीनशेहून अधिक शहरांसाठी राज्यानं छोटी, स्वस्त गाळप्रक्रिया केंद्रं मंजूर केली, बहुतेक घनकचरा प्रकल्पाच्या आवारातच. रचना सोपी आहे. वाळू आणि खडीचे वाफे, त्यावर गाळ पसरायचा, पाणी खाली झिरपून वेगळ्या तळ्यात जातं आणि वरचा थर उन्हात वाळतो. ऊन तर मराठवाड्यात पालिकेला विकत घ्यावं लागत नाही. म्हणजे मैला नेऊन टाकायची अधिकृत जागा गावागावाच्या वेशीवर आली आहे. ती कॅरॅव्हॅनवाल्याला माहीत नाही, आणि कॅरॅव्हॅन नावाचं काही असतं हे तिथल्या चौकीदाराला माहीत नाही. सेप्टिक टँक आणि गटारं यंत्रानं उपसून घेण्यासाठी १४४२० हा क्रमांक आहे, तो तरी गाडीत चिकटवून ठेवावा.

राहिलं पाणी. कॅसेट धुवायला चार ते सहा लिटर लागतं. लातुरात हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं आमच्याकडे पिण्याचं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी. त्याआधी पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी होती. त्या उन्हाळ्यात एखादी मोटरहोम इथं आली असती आणि नळ मागितला असता, तर काय ऐकावं लागलं असतं ते छापण्याजोगं नाही. तेव्हा इथं असा ओटा बांधला तर त्यावर धुण्यासाठी प्रक्रिया केलेलं पाणी हवं, पिण्याचा नळ वेगळा आणि लांब हवा. परदेशातल्या ओट्यांवरही हा नियम असतोच, तिकडं कारण रोगराईचं आहे. आमच्याकडं दोन्ही कारणं आहेत.

आणि या रस्त्यावरचा सर्वांत मोठा कॅरॅव्हॅन कोणता, हेही एकदा बोललं पाहिजे. उसाचा हंगाम आला की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, शेळ्या, लेकरं. पाच-सहा महिने कारखान्याच्या आसपास कोपीत राहायचं. त्यांच्या घराला चाकं असतात ती जाता-येताना, आणि संडास कधीच नसतो. बायका पहाटे अंधारात उठतात ते फडावर जायच्या आधी हे उरकायला. मोटरहोमवाल्यांसाठी ओटा बांधा म्हणून मागणी करताना मला याची लाज वाटते. पण एकाच जागी दोन्ही का होऊ नये? पंढरीच्या वाटेवर २०१५ पासून 'निर्मल वारी'नं हे करून दाखवलंय. मुक्कामाच्या गावी फिरते संडास ओळीनं उभे राहतात, टँकर ते उपसतात आणि पालखी पुढं गेली की तेही पुढं जातात. लाखो माणसांचं जमतं, तर टोळ्यांचं आणि ट्रकभर भाविकांचं न जमायला कारण दिसत नाही.

मला विचाराल तर जागा तीन. नांदेडमध्ये यात्रेकरूंच्या बस-ट्रक जिथे रात्रभर उभे राहतात, त्या वाहनतळांपैकी एकावर. तिथं शहराची मलवाहिनी जवळ आहे, नाहीतर गोदावरी जवळ आहेच. लातूरला बाह्यवळणावर. आणि मध्ये अहमदपूर किंवा लोह्याला, नगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्राच्या फाटकाशी. दोन मीटर बाय तीन मीटरचा उताराचा सिमेंटचा ओटा, मधोमध पायानं उघडायचं झाकण, खाली बंद टाकी, आठवड्याला एक टँकरची खेप. शेजारी बायकांसाठी पाणी आणि दिवा असलेले संडास, टोळ्यांना फुकट, गाडीवाल्यांना पैसे देऊन. ज्याच्याकडे लाखोंची गाडी आहे, त्याच्याकडून पन्नास रुपये मागायला पालिकेनं संकोचू नये.

तोवर आमच्या स्नेह्यांनी आपली वाट शोधली आहे. लातूर सोडल्यावर पुढच्या एका गावी ते सरळ घनकचरा प्रकल्पाच्या फाटकावर गेले. चौकीदारानं वही काढली. वहीत टँकरचा नंबर, मालकाचं नाव, लिटर आणि 'घरगुती की व्यावसायिक' असे रकाने. टँकरचा नंबर म्हणून त्यानं कॅरॅव्हॅनचा नंबर लिहिला, लिटरच्या रकान्यात १८. मग पेन थांबवून वहिनींना विचारलं, "घरगुतीच लिहू ना, मावशी?"

"घरगुतीच की," वहिनी म्हणाल्या, आणि पाण्याचा नळ कुठल्या बाजूला आहे ते विचारत कॅसेट ओढू लागल्या.